शेजाऱ्यानं सांगायचं

१

दर शनिवारी चारला वाचनालयाच्या माडीवर मंडळ भरायचं. चार म्हणजे चार. तीन अठ्ठावन्नला सर जिना चढायला लागायचे. तेरा पायऱ्या, त्यातली नववी करकरायची. ती करकरली की ग्रंथपाल बाई खिडकी लावून घ्यायच्या, घड्याळवाले मनगटाकडे बघून मान हलवायचे आणि दातांचे डॉक्टर हातातला मोबाइल टेबलावर पालथा घालायचे. गोल टेबल, सहा खुर्च्या, माणसं पाच. सहाव्या खुर्चीवर सगळ्यांच्या पिशव्या.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मंडळ त्यांनीच काढलेलं आणि त्यांच्याच शब्दावर चाललेलं. ग्रंथपाल बाईंना आयुष्यात नियम सोडून दुसरं काही आवडलं असेल असं वाटत नाही. डॉक्टर दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावायचे आणि इथे येऊन आपलं मिटून बसायचे. घड्याळवाले हातघड्याळं दुरुस्त करायचे आणि इतके सभ्य, की दारात कुणी भेटलं तर 'आधी तुम्ही' म्हणत चहा निवेपर्यंत उभे राहतील. पाचव्या म्हणजे छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या एक बाई, सहा महिन्यांपूर्वी आलेल्या. घरी तिला धाकटी म्हणायचे. म्हणणारं कुणी आता उरलं नव्हतं, पण आपण तिला धाकटीच म्हणू.

मंडळात कुणी कुणाचं नाव घेत नसे, सगळे आपापल्या कामानं ओळखले जायचे. ही सरांची हौस, आणि ती आली होती एका जुन्या विज्ञानकथेतून. जुन्या वाचणाऱ्यांत ती कथा मोठी नावाजलेली, पण पुस्तक आता मिळेनासं झालेलं; गावात वाचनालयाची तेवढी एकच प्रत. तिच्यातल्या शहरात हवा मोजून मिळते. रोज सकाळी भिंतीतल्या जाळीतून एकेकाचा पुकारा होतो: सुतार, दाई, दिवेवाला. ज्याचा पुकारा झाला त्यानं गप्प बसायचं. त्याच्या शेजाऱ्यानं म्हणायचं, "आहे." शेजारी म्हणाला तर त्या दिवसाची हवा मिळते. नाही म्हणाला, तर नाही. कुणी मारत नाही, कुणी ओढून नेत नाही. काम कसं स्वच्छ.

सरांना हे इतकं भावलं की त्यांनी मंडळाची हजेरीच तशी सुरू केली. पुकारा कामाचा, आणि आपल्या डाव्या हाताला जो बसला असेल त्याच्यासाठी आपण "आहे" म्हणायचं. स्वतःचं स्वतः सांगायचं नाही, शेजाऱ्यानं सांगायचं. मध्ये खुर्ची रिकामी असेल तर तिच्या पलीकडच्यासाठी. तीस वर्षं ही गंमत चालली होती, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

त्या शनिवारी सरांनी जाहीर केलं की दर वर्षीप्रमाणे या महिन्यात आपली लाडकी कथा घ्यायची. पुढच्या शनिवारी वाचन, त्याच्या पुढच्या शनिवारी चर्चा. मग त्यांनी हजेरीची वही उघडली आणि पुकारे केले. सर, ग्रंथपाल, डॉक्टर, घड्याळवाले. त्यानंतर एक नाव लाल शाईनं, पट्टी लावून खोडलेलं होतं. त्या रेघेवरून सरांचं बोट पुढे सरकायला एक क्षण गेला, आणि मग प्रूफवाल्या बाई.

धाकटीला मोजायची खोड. वीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्याला ती लागतेच. पुकारे पाच झाले होते, आणि 'आहे' सहा आले होते. जास्तीचा तो एक बरोबर त्या लाल रेघेपाशी आला होता.

आवाज बाईचा, मऊ, जरासा नाकातला. तिनं सगळ्यांकडे बघितलं. डॉक्टर चष्मा पुसत होते. घड्याळवाल्यांनी आपली पिशवी सहाव्या खुर्चीवरून उचलून पायाशी ठेवली. का ठेवली, ते त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

२

आता खरं सांगायचं तर धाकटी तिथे वाचायला गेलीच नव्हती. ती सूड घ्यायला गेली होती.

लाल शाईनं खोडलेलं ते नाव तिच्या ताईचं. टेलिफोनवाल्या बाई. ताईनं सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला हेडफोन लावून. घरातसुद्धा कुणी हाक मारली की तिच्या त्या मऊ, नाकातल्या आवाजात आधी "बोला" निघायचं. तीन वर्षांपूर्वी याच कथेच्या चर्चेत ती चारचौघांत सरळ बोलून गेली, "सर, कथेचा शेवट तुम्ही सांगता तसा नाहीये. मी परवाच पुस्तक नेऊन परत वाचलंय." सरांचा त्या शेवटावर एक गाजलेला लेख होता. नायक दार फोडतो, उजेड आत येतो, शहर मोकळं होतं, असं त्यात लिहिलेलं. दर वर्षी शेवटचं पान सर पुस्तक मिटून तोंडपाठ म्हणायचे, त्यामुळे ते कुणी उघडून बघितलंच नव्हतं. सर हसले आणि म्हणाले, पुढच्या शनिवारी पुस्तकच बघू.

पुढच्या शनिवारी पुस्तक उघडलं तर शेवटचं पान कापलेलं. आणि पुस्तक शेवटी नेलं होतं कुणी? वहीत ताईची सही होती. सरांनी तिच्यावर आरोप केला नाही, तेवढे ते हुशार होते. त्यांनी फक्त हजेरी घेतली. टेलिफोनवाल्या बाई असा पुकारा केला आणि थांबले. ताईच्या उजव्या हाताला तेव्हा डॉक्टर बसायचे. ते बोलले नाहीत. ग्रंथपाल बाई बोलल्या नाहीत, घड्याळवाले बोलले नाहीत. ताई खुर्चीत बसली होती, हातात पिशवी धरून. सरांनी लाल पेन काढलं आणि पट्टी मागितली, ग्रंथपाल बाईंनी दिली.

ताई घरी आली ती पुरती खचून. रडली नाही. "मी तिथेच होते गं," एवढंच म्हणत राहिली, "कुणीच म्हटलं नाही." मग तिला एक सवय लागली. रोज सकाळी धाकटी छापखान्यात निघाली की खिडकीजवळच्या खुर्चीतून ती विचारायची, "मी आहे ना गं?" आणि धाकटी म्हणायची, "आहेस गं बाई, आहेस." मग कुलूप लावायची. आठ महिने हे असं चाललं. एका संध्याकाळी धाकटी घरी आली तर ताई खुर्चीतच संपलेली होती. घरी आलेल्या डॉक्टरनं कारण लिहिलं, हृदय बंद पडलं.

धाकटीनं तेव्हाही काही केलं नसतं. तिच्या हातात होतं काय? पण गेल्या वर्षी सरांच्या लेखांचं बाड तिच्याच छापखान्यात आलं आणि प्रुफांना जोडून तिच्याच टेबलावर पडलं. एकशेबारा आणि एकशेतेरा या पानांच्या मध्ये एक पिवळं छापील पान अडकलं होतं. कडेला ब्लेडनं कापल्याची सरळ रेघ, कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का. म्हातारा विसरला होता. स्वतः कापलेलं पान स्वतःच्या बाडात ठेवून विसरला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पान तिनं वाचलं, पण तिच्या सवयीनं. अक्षर न् अक्षर तपासलं, एक स्वल्पविराम चुकलेला सापडला. त्या पानावर दार कुठेच नव्हतं, एवढं तिनं पाहिलं आणि पान पिशवीत ठेवलं. तिला पुरावा हवा होता, गोष्ट नको होती. मग तिनं मंडळात नाव घातलं. कुणाची कोण हे तिथे कुणी विचारतच नसे. पान पहिल्याच दिवशी तोंडावर मारता आलं असतं. पण तिला सरांचं नुसतं तोंड पाडायचं नव्हतं. ताईला जे लागलं ते त्यांना लागायला हवं होतं, त्याच मापानं. म्हणून सहा महिन्यांत तिनं तीनदा खुर्ची बदलली आणि आता सर तिच्या डाव्या हाताला बसत होते. त्यांच्यासाठी 'आहे' म्हणायचं काम तिचं झालं होतं.

३

दुसऱ्या शनिवारी वाचन झालं. प्रत्येकानं एक पान वाचायचं आणि पुस्तक शेजाऱ्याकडे सरकवायचं. कथा तेरा पानांची, शेवटचं नाही म्हणून बारा. पाच माणसांत बारा पानं. धाकटीनं येता येता हिशेब केला होता: सरांपासून सुरुवात, पहिल्या फेरीचं शेवटचं, म्हणजे पाचवं पान आपलं.

सर छान वाचायचे, ते नाकारून चालणार नाही. जाळीतून येणारा पुकारा त्यांनी असा काढला की डॉक्टरांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं. मग ग्रंथपाल बाई, डॉक्टर आणि घड्याळवाले यांनी वाचलं. दिवेवाल्याचा सुतारावर राग कसा साठत जातो ते आलं. सुतारानं त्याच्या घरादाराचं वाटोळं केलेलं असतं आणि दिवेवाला रोज सकाळी दात ओठ खाऊन त्याच्यासाठी "आहे" म्हणत असतो. धाकटी मनात पानं मोजत ऐकत होती. पुस्तक तिच्यापुढे आलं. तिनं वाचायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं तर पान सहावं होतं.

पाचवं वाचून झालं होतं. ते तिनं ऐकलं होतं, शब्द न् शब्द आठवत होता. त्या पानावर दिवेवाल्याची बायको विचारते, "तू तरी म्हणशील ना?" तो प्रश्न ज्या आवाजात आला होता तो आवाज आठवताना तिच्या अंगावर काटा आला. घड्याळवाल्यांनी दोन पानं वाचली असतील, असं तिनं मनाला सांगितलं. सभ्य माणूस आहे, पान चुकून उलटलं गेलं असेल. पण घड्याळवाले खोकल्यासारख्या घोगऱ्या आवाजाचे. आणि पुस्तक तिच्यापुढे सरकवलं गेलं होतं ते सहाव्या खुर्चीच्या बाजूनं, टेबलाच्या कडेकडेनं, जिथपर्यंत घड्याळवाल्यांचा हात पोचला नसता.

"वाचा ना," सर म्हणाले. तिनं वाचलं.

वाचन संपल्यावर चर्चेला अजून आठवडा होता, पण कुणाच्यानं राहवेना. कथा बाराव्या पानावर थांबते ती अशी, की एक दिवस सुताराचा पुकारा होतो आणि दिवेवाला गप्प बसतो. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की त्याला दोष देता येणार नाही, त्यानं केलं काय? काहीच केलं नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, नियम सुतारालाही ठाऊक होता की. घड्याळवाले कपाळ चोळत म्हणाले की खोलीत बाकीची माणसं असतील, त्याला वाटलं असेल आपण नाही तर दुसरं कुणीतरी म्हणेल. डोळ्यांच्या कडा त्यांनी बोटानं पुसल्या. धाकटीला ते दिसलं, पण तिला कुणाची कीव करायची नव्हती.

"आणि ज्याच्यासाठी कुणी म्हटलं नाही त्याचं काय?" तिनं विचारलं.

"म्हणून तर शेवट महत्त्वाचा," सर म्हणाले. "दार फुटतं. उजेड येतो. लेखकाला क्षमा सुचवायचीय. शेवटचं पान कुणी दुष्टानं कापलं म्हणून काय झालं? मला पाठ आहे."

ते हे तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले. धाकटीच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत ते पान. तिनं पिशवीचं तोंड आवळलं.

४

मधल्या आठवड्यात तिनं स्वतःची समजूत काढून पाहिली. माडीवर बंद खिडकीत आवाज घुमतो. ताई डोक्यात बसलीय, म्हणून कानात वाजते. शहाण्या माणसानं असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात. घरी ताईची खुर्ची खिडकीजवळ तशीच होती आणि निघताना धाकटी अजूनही त्या रिकाम्या खुर्चीला "आहेस गं" म्हणून कुलूप लावायची. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकला नव्हता. का, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

बुधवारी दुपारी ती पुस्तक बदलायला म्हणून वाचनालयात गेली. ग्रंथपाल बाई खालच्या कपाटांत काही शोधत होत्या आणि हजेरीची वही टेबलावर उघडी होती. लाल रेघ आहे तशीच होती, पट्टीनं मारलेली, तिच्याखाली ताईचं काम. आणि त्या शब्दांच्या खाली, अगदी पायथ्याशी, टिंबं होती. एका ओळीत, सारख्या अंतरानं दिलेली, निळ्या पेन्सिलीची.

छापखान्याबाहेरच्या माणसाला त्यात काही दिसलं नसतं. पण प्रुफात एखादा शब्द चुकून खोडला गेला तर त्याच्याखाली अशी टिंबं देतात. त्याचा अर्थ: खोडलंय ते मानू नका, हा शब्द राहू द्या.

धाकटीनं पिशवीतून आपली पेन्सिल काढली. निळीच होती. तिनं वहीला कधी हात लावला नव्हता, याची तिला खात्री होती. बरीचशी खात्री होती. टोक तासलेलं होतं, आणि ते तिनं कधी तासलं ते काही केल्या आठवेना.

ग्रंथपाल बाई उठल्या, वही मिटून कपाटात ठेवली आणि पुस्तक कोणतं हवंय ते विचारलं. धाकटीनं काहीतरी नाव सांगितलं. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर माणसं येत जात होती, आणि हळूहळू तिच्या मनात भीतीच्या जागी दुसरंच काही भरत गेलं. ताई आली असेल तर येऊ दे. तिला बघायचं असेल. तिचा हक्कच आहे.

५

तिसऱ्या शनिवारी नववी पायरी करकरली, खिडकी लागली, मोबाइल पालथा पडला. सहाव्या खुर्चीवर एकाचीही पिशवी नव्हती. प्रत्येकानं आपापली पायाशी ठेवली होती आणि कुणी त्यावर बोललं नाही.

सरांनी वही उघडली. पहिला पुकारा त्यांचा स्वतःचा. "सर," ते म्हणाले आणि पेन टेकवून थांबले.

धाकटी गप्प बसली.

"पाळी तुमची, प्रूफवाल्या बाई."

तिनं पिशवीतून पान काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.  "हे तुमच्या लेखांच्या बाडात होतं, सर," ती म्हणाली. "छापायला दिलंत, त्यात. टेलिफोनवाल्या बाई माझी बहीण. सख्खी."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. आधी ते म्हणाले हे पान त्यांना नंतर सापडलं, मग म्हणाले कुणीतरी घरी आणून दिलं. ग्रंथपाल बाईंनी तोवर कथेचं पुस्तक उघडलं, शेवटी उरलेली चिंधीएवढी कड बोटानं सरळ केली आणि पान तिला लावून बघितलं. कापलेल्या कडा एकमेकींना जुळल्या. "बसलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

मग सर मोडले. लेख आधीच छापून गेला होता, ते म्हणाले, लोक त्यांना त्या लेखासाठी ओळखत होते, एवढ्याशा गोष्टीनं कुणाचा जीव जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "तुम्ही तरी म्हणा." डॉक्टरांनी मोबाइलच्या पाठीवर बोट फिरवलं. त्यांनी घड्याळवाल्यांकडे बघितलं. घड्याळवाल्यांचे डोळे भरले होते, पण ते टेबलाकडे बघत होते. धाकटीनं एकेकाचं तोंड नीट पाहून घेतलं. असंच बसले असतील हे, ताईसमोर. अगदी असंच. आणि तिला गोड वाटलं, खोटं कशाला बोलायचं, आयुष्यात इतकं गोड काही लागलं नव्हतं.

"मी आहे," सर म्हणाले. "हा काय इथे बसलोय."

स्वतःचं स्वतः सांगायचं नाही, हे त्यांचंच होतं.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं, मग दुसरं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण आता त्यातून येणारं काही टेबलापर्यंत पोचत नव्हतं. धाकटीला वाटलं बाकीचे नाटक करताहेत, ताईसमोर केलं तसं. पण डॉक्टर उठून सरांच्या बाजूला आले, त्यांनी सरांच्या अंगावरून हात लांबवून पेन उचललं, सरांच्या छातीला कोपर लागायला हवं होतं तिथून, आणि ते कशालाही लागलं नाही. "मग आज चर्चा कोण घेणार?" त्यांनी ग्रंथपाल बाईंना विचारलं.

धाकटीनं क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि शेजारची खुर्ची मागे सरकलेली होती. ती कान देऊन बसली. तेरा पायऱ्या. नववी करकरायला हवी होती. तिनं मनात नऊ मोजले, मग तेरा, मग वीस. नववी करकरली नाही.

टेबलावर सरांचा चष्मा राहिला होता. काचांवर श्वासाची वाफ धरली होती, आणि ती कडांकडून आत आत मिटत गेली.

६

"नियमाप्रमाणे हजेरी पुरी करायला हवी," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही आपल्याकडे ओढली. पट्टी लावली. लाल पेन डॉक्टरांनीच पुढे केलं. पहिल्या नावावरून रेघ गेली.

"ग्रंथपाल."

त्यांच्यासाठी 'आहे' म्हणायचं काम सरांचं. सरांची खुर्ची रिकामी, म्हणजे तिच्या अलीकडच्याचं. सगळे धाकटीकडे बघत होते. उठून जावं, असं तिला एकदा वाटलं. पण खरं म्हणजे अजून एक गोष्ट व्हायची होती.

"आहे," ती रिकाम्या खुर्चीवरून म्हणाली.

डॉक्टरांचा पुकारा झाला, ग्रंथपाल बाईंनी आहे म्हटलं. घड्याळवाल्यांचा झाला, डॉक्टरांनी म्हटलं. मग ग्रंथपाल बाईंचं बोट लाल रेघेपाशी थांबलं, टिंबांवरून डावीकडून उजवीकडे फिरलं, आणि सहज, रोजचंच असल्यासारखं त्यांनी वाचलं, "टेलिफोनवाल्या बाई."

सहाव्या खुर्चीच्या उजवीकडे घड्याळवाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले, खुर्चीकडे वळले, जरासे वाकले आणि म्हणाले, "आहे. आहे हो."

धाकटीचा ऊर भरून आला. तीन वर्षं जे मागत होती ते मिळालं होतं. बघितलंस ताई, तिला ओरडून सांगायचं होतं, म्हणाले, तुझ्यासाठी म्हणाले. ती वळली नाही. तिच्या उजव्या हाताला, नजरेच्या अगदी टोकाशी, करड्या स्वेटरची बाही होती, मनगटाशी उसवलेली, धाकटीनंच काळ्या दोऱ्यानं शिवलेली. बाहीतून हात बाहेर आलेला होता आणि टेबलाच्या कडेवर नुसता ठेवलेला होता, फोन जोडून झाल्यावर समोरच्यानं बोलायची वाट बघताना ताई ठेवायची तसा.

"प्रूफवाल्या बाई," ग्रंथपाल बाईंनी पुकारलं.

७

इतके दिवस तिच्यासाठी घड्याळवाले म्हणायचे, मधल्या खुर्चीवरून. तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते. मान किंचित झुकवून ते मधल्या खुर्चीकडे बघत होते, दारात 'आधी तुम्ही' म्हणताना बघायचे तसे. मधली खुर्ची आता रिकामी नव्हती. पाळी त्यांची नव्हती.

टेबलावर ते पिवळं पान तिच्याकडे तोंड करून पडलं होतं, आणि या वेळी धाकटीनं ते वाचलं. चुका न शोधता वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीतून 'दिवेवाला' असा पुकारा होतो. त्याच्यासाठी म्हणणारा शेजारी कोण, ते त्याला तेव्हा आठवतं. शेवटची ओळ एवढीच होती: दिवेवाला वाट पाहत बसला.

माझा काय दोष, ती मनात म्हणाली. मी तर रोज म्हणायचे. रोज, आठ महिने. आणि म्हणता म्हणताच तिला ती सकाळ आठवली, जिला तिनं दोन वर्षं रिकाम्या खुर्चीशी बोलून बोलून बुजवून टाकलं होतं. छापखान्यात नऊला प्रुफं पोचवायची होती. उशीर झाला होता, चप्पल सापडत नव्हती. खिडकीजवळून ताईनं विचारलं, "मी आहे ना गं?" रोज रोज तेच. धाकटीला वैताग आला. एक दिवस नाही म्हटलं तर काय मरणार आहेस, असं मनात म्हणून ती काहीच बोलली नाही. कुलूप लावलं. कुलूप लावताना आतून परत एकदा आलं, जरा हळू, "धाकटे?" आणि ती जिना उतरली.

त्याच संध्याकाळी ताई गेलेली सापडली होती.

माडीवर हवा कोंदट झाली होती. खिडकी उघडा, असं तिला म्हणायचं होतं, पण पुकारा झालेल्यानं बोलायचं नसतं. ग्रंथपाल बाईंनी पट्टी वहीवर ठेवली आणि सरळ केली. डॉक्टर मोबाइलकडे बघत होते. करड्या बाहीतला हात कडेवर होता तसाच होता, जराही हलला नव्हता.

ताईची पाळी होती. धाकटीनं गळ्याशी हात नेला आणि वाट पाहिली.